किकर कोअर, दोन पंखे आणि दोरीवरचे ओले कपडे

घरात बसून सायकल चालवायचा ट्रेनर ही मुळात बर्फाच्या मुलखातली सोय. तिकडे डिसेंबर ते मार्च रस्ते गाडले जातात, शाळांना सुट्टी मिळते, घराचं वेळापत्रक कोलमडतं आणि हौशी सायकलवाला गॅरेजमध्ये ट्रेनर मांडून बसतो. त्या गॅरेजमध्ये इतका गारठा असतो की पहिली दहा मिनिटं जॅकेट काढवत नाही. मुंबईत हाच हंगाम जून ते सप्टेंबर येतो. बर्फाच्या जागी पाणी आणि गॅरेजच्या जागी दहा बाय बाराची बेडरूम, तीही पलंग आणि कपाटासकट. वाहू कंपनीच्या किकर कोअर या ट्रेनरचं परीक्षण म्हणूनच मुंबईच्या खोलीत बसवून करायला हवं. परदेशी परीक्षणं वाचून त्याची इथली लायकी कळत नाही.

हे परीक्षण २०१८ साली आलेल्या मूळ किकर कोअरचं आहे. दुकानात आणि सेकंडहँड बाजारात नव्या आवृत्त्याही दिसतील, तेव्हा पाटी नीट वाचून घ्या.

आधी गरज आहे का ते बघू. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन थडकला. परतायला ऑक्टोबर उजाडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) साडेतेरा तासांच्या मुदतीत करायची असेल, तर तयारीचे महिने नेमके हेच. रोजच्या रिमझिमीत मरीन ड्राइव्ह किंवा पामबीच रोडला जाता येतं, त्याबद्दल तक्रार नाही. मोडता घालतात ते मोठ्या पावसाचे दिवस. हवामान खात्याच्या हिशोबात २४ तासांत ११५.६ मिलिमीटरपासून अति मुसळधार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार. त्यात भरतीची वेळ जुळली की हिंदमाता, मिलन सबवे आणि अंधेरी सबवे भरलेच म्हणून समजा. साचलेल्या पाण्यातून सायकल घालणं ही बहादुरी नाही. खाली खड्डा आहे की उघडं मॅनहोल हे दिसत नाही. शिवाय चाकाच्या हबच्या आणि पॅडलच्या अक्षाभोवतीच्या बॉटम ब्रॅकेटच्या बेअरिंगमध्ये गाळ जातो, आणि पायावर जखम असेल तर लेप्टोच्या तापाची भीती वेगळीच.

सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे पाऊस एकट्या सायकलवाल्याला घरी बसवत नाही, अख्ख्या घराला बसवतो. रेड अलर्ट लागला की शाळा बंद, लोकल रखडलेली, कामाच्या मावशी येऊ शकत नाहीत, ऑफिसवाले जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडतात आणि हॉल आजीच्या मालिकेच्या ताब्यात जातो. ज्या दिवशी ट्रेनर सगळ्यात जास्त हवा असतो, त्याच दिवशी घरात त्याला सगळ्यात कमी जागा असते. खरेदीचा निर्णय या एका वाक्यावर तपासून घ्या.

आता यंत्र. किकर कोअर डायरेक्ट ड्राइव्ह प्रकारातला आहे, म्हणजे सायकलचं मागचं चाक काढायचं आणि चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (गिअरच्या दातेरी चकत्यांच्या जुडग्यावर) चढवायची. वजन १८ किलो, फ्लायव्हील (जोर टिकवून धरणारं जड फिरतं चाक) ५.४ किलोचं, पॅडलला होणारा कमाल अवरोध १८०० वॉट, चढाची नक्कल १६ टक्क्यांपर्यंत आणि ताकद मोजण्यातली चूक कंपनीच्या दाव्यानुसार अधिक-उणे २ टक्के. हौशी माणसाला १८०० वॉटचा काही उपयोग नाही, तो आकडा विसरा. उपयोगाचं आहे ते फ्लायव्हील. पॅडलच्या प्रत्येक फेरीत पाय वरच्या टोकाला आला की जोर कमी पडतो. हलकं फ्लायव्हील तिथे अडखळतं आणि गुडघ्याला हिसका बसतो. ५.४ किलोचं फ्लायव्हील ती फट भरून काढतं. याहून जड फ्लायव्हीलचे महागडे ट्रेनर मिळतात, पण त्यांच्यासाठी दीडपट पैसे मोजावेत इतका फरक पायाला कळत नाही.

मूळ मॉडेल बहुतेक वेळा कॅसेटशिवाय विकलं जायचं, त्यामुळे बसवण्याचं काम आपल्याकडेच येतं. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. सायकल नऊ गिअरची असेल तर कॅसेट नऊचीच घ्या. दुकानात पडलेली अकराची लावली तर चकत्यांमधलं अंतर जुळत नाही आणि चेन दोन गिअरच्या मध्ये कुरकुरत राहते. ट्रेनरचा फ्रीहब (कॅसेट ज्यावर बसते तो भाग) अकरा गिअरच्या रुंदीचा आहे, म्हणून आठ, नऊ किंवा दहाची कॅसेट बसवताना तिच्या मागे आधी १.८ मिलिमीटरचा स्पेसर घालावा लागतो. तो विसरला तर लॉकरिंग (कॅसेट घट्ट धरणारी कडी) पूर्ण आवळूनही कॅसेट हाताला डुगडुगते. दहा गिअरच्या काही शिमानो कॅसेटना आणखी १ मिलिमीटरची चकती लागते, ती कॅसेटच्याच खोक्यात असते आणि बहुतेक वेळा खोक्याबरोबर कचऱ्यात जाते. फ्रीहबवरची एक खाच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, तिला कॅसेटचा तसाच दात जुळवला की चकत्या अलगद सरकतात. ठोकाठोक करायची नाही. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळायची. टॉर्क रेंच नसेल तर लॉकरिंगचं टूल आणि लांब पाना घ्या, शेवटच्या अर्ध्या फेरीत कट-कट असे चार-पाच आवाज आले की थांबा.

सायकल चढवण्याआधी चेन मागच्या सगळ्यात लहान चकतीवर आणायची आणि मग मागचं चाक काढायचं. डिस्क ब्रेक असेल तर चाक निघाल्याबरोबर पॅडच्या फटीत प्लास्टिकची पट्टी नाहीतर दोन पदरी पुठ्ठा सरकवा. घरात लहान मूल असेल तर हे दोनदा वाचा. रिकाम्या सायकलचा ब्रेक मुलाने एकदा दाबला की हायड्रॉलिक पॅड एकमेकांना चिकटतात आणि पुढचा अर्धा तास ते पसरवण्यात जातो. साधी क्विक रिलीज असलेली सायकल, मग मागची रुंदी १३० असो वा १३५ मिलिमीटर, आणि थ्रू ॲक्सलची (आरपार दांड्याच्या चाकाची) १४२ किंवा १४८, या सगळ्यांसाठी अडॅप्टर असतात. सेकंडहँड घेताना ते सगळे मोजून घ्या, कारण नंतर सुटा अडॅप्टर शोधताना दमछाक होते. बसवून झाल्यावर गिअर किंचित अडखळले तर डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या भागाच्या) बॅरल स्क्रूला पाव फेरी देऊन बघा. डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकलाय असं ठरवून पक्कड हातात घेऊ नका.

दहा मिनिटं पॅडल मारून यंत्र गरम झालं की फोनवरच्या ॲपमधून स्पिनडाउन करायचं, म्हणजे ट्रेनरचं मोजमाप जुळवून घ्यायचं. ॲप सांगेल त्या वेगापर्यंत न्यायचं आणि पाय सोडून द्यायचे. ट्रेनर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवला की पुन्हा एकदा. थंड यंत्रावर केलेलं स्पिनडाउन फुकट जातं.

वॉट धरून ठेवणारा अर्ग मोड हे या यंत्राचं खरं वैशिष्ट्य. लक्ष्य २०० वॉट दिलं की तुम्ही कुठल्याही गतीने पॅडल मारा, अवरोध कमीजास्त होऊन आकडा २०० वरच राहतो. ट्रॅफिक, उतार, सिग्नल काहीच नसल्याने घरातला एक तास अख्खा पॅडलचा तास असतो. रस्त्यावरच्या दीड तासाचं काम त्यात होतं, असं धरायला हरकत नाही. मात्र एक फसगत ठरलेली. दमून गती कमी केली की यंत्र तेवढाच अवरोध वाढवतं. मिनिटाला ९० फेऱ्यांच्या गतीला २०० वॉटसाठी पॅडलच्या अक्षावर साधारण २१ न्यूटन मीटर जोर लागतो, ६० ला तोच ३२ होतो. मग गती आणखी पडते, जोर आणखी वाढतो आणि पाय चिखलात रुतल्यासारखे जागच्या जागी थांबतात. हा यंत्राचा दोष नाही, साधं गणित आहे. उपाय असा की गती ८० च्या खाली येते आहे असं वाटलं की लगेच दहा-वीस सेकंद पाय हलके करून गती वर न्या. तेवढ्याने जमलं नाही तर सेशन थांबवून लक्ष्य पाच टक्क्यांनी उतरवा. पुढची चकती लहान आणि मागची मधली ठेवली तर चेन सरळ राहते आणि आवाजही कमी होतो.

इथवर यंत्राला पैकीच्या पैकी. खरी अडचण मुंबईच्या हवेची.

माणसाचं शरीर इंजिन म्हणून फारसं कार्यक्षम नाही. खर्च केलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचतो. पॅडलवर २०० वॉट दिसत असतील तेव्हा शरीर ६०० ते ८०० वॉट उष्णता बाहेर टाकत असतं, आणि ते २०० वॉटही शेवटी ट्रेनरच्या ब्रेकमध्ये उष्णताच होतात. बंद बेडरूममध्ये तासभर इस्त्री चालू ठेवावी तसा प्रकार. रस्त्यावर ताशी २५-३० किलोमीटरचा वारा फुकट मिळतो, घरात तो नाही. त्यात जुलैच्या हवेत इतकी आर्द्रता असते की घाम अंगावरून ओघळतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम थंडावा देत नाही. वीस मिनिटांत नाडी तेवढ्याच वॉटला दहा-पंधरा ठोके वर सरकते. लोक म्हणतात ट्रेनर चुकीचा मोजतो. ट्रेनर बरोबर मोजत असतो, शिजत असतो तो माणूस.

छताच्या पंख्यावर विसंबू नका, तो डोक्यावरची गरम हवाच खाली ढकलतो. दोन पंखे लागतात. मोठा, जास्त वेगाचा पेडेस्टल पंखा समोरून छातीच्या उंचीवर, हँडलपासून तीन-साडेतीन फुटांवर. दुसरा लहान, बाजूने पाठीवर. खिडकी उघडी ठेवा. पावसाची झड येत असेल तर समोरची बंद करून दाराकडून हवा खेळती ठेवा आणि एक्झॉस्ट असेल तर तो लावा. एसी असेल तर २६ अंशांवर, पण पंखे चालू ठेवूनच. एसीचा मुख्य फायदा गारव्यापेक्षा हवा कोरडी होण्याचा आहे. पंखे पहिल्या मिनिटापासून लावायचे, तापल्यावर नाही. एका तासाला लिटर-दीड लिटर घाम सहज जातो, तेव्हा हँडलवर दोन बाटल्या ठेवा आणि एकीत चिमूटभर मीठ-साखर घाला.

आता शीर्षकातले कपडे. पावसाळ्यात मुंबईच्या ज्या खोलीत पंखा चांगला, त्या खोलीत दोरी बांधलेली असते आणि तिच्यावर गणवेश, टॉवेल, चादरी टांगलेल्या असतात. ओले कपडे खोलीतली आर्द्रता आणखी वाढवतात आणि समोरच्या पंख्याचा वारा अडवतात. उलट बाजूही आहे. घामाने दमट झालेल्या त्या खोलीत गणवेश संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि मुलाच्या शर्टाला कुबट वास येतो. यावर तांत्रिक तोडगा नाही, वाटाघाट आहे. ट्रेनरचा तास संपेपर्यंत दोरी दुसऱ्या खोलीत, आणि तास संपला की तेच दोन पंखे कपड्यांकडे वळवायचे. पेडेस्टल पंख्याच्या वाऱ्यात शाळेचा शर्ट बराच लवकर वाळतो, त्यामुळे पंख्याच्या खरेदीला घरातून विरोध होत नाही.

जागेचं म्हणाल तर सहा फूट बाय अडीच फूट धरून चाला. त्याशिवाय डावीकडे उतरायला दीड फूट. आत घेतलेली बाल्कनी मोहात पाडते, पण तिथे झड येते आणि यंत्र विजेवर चालतं. ॲडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा असल्याने इथल्या सॉकेटवर चालतो. मात्र एक्स्टेंशन बोर्ड हँडलच्या खाली कधीच ठेवू नका, घामाची धार नेमकी तिथेच पडते. ओल आलेल्या भिंतीवरचा सॉकेट तर वापरूच नका. तळमजल्याच्या मीटर खोलीत पाणी शिरण्याच्या भीतीने इमारतीची वीज बंद केली तर अवरोध जातो आणि फ्लायव्हील नुसतं गरगरतं. इन्व्हर्टरवर फक्त राउटर आणि एक पंखा असेल तर त्या दिवशी जमिनीवर प्लँक आणि स्क्वॅट करा.

खालचा शेजारी हा यातला सगळ्यात नाजूक भाग. हा ट्रेनर खोलीत फारसा आवाज करत नाही, ऐकू येते ती मुख्यतः चेन. पण कंप जमिनीतून खाली जातो आणि पहाटे पाच वाजता खालच्या बेडरूमच्या छताला घुमतो. नुसती योगा मॅट उपयोगाची नाही, १८ किलोचं यंत्र आणि वरचा माणूस मिळून ती दाबून सपाट करतात. खाली एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या लाद्या, त्यावर १८ मिलिमीटर प्लायचा तुकडा आणि सगळ्यात वर रबराची मॅट, असा थर लावा. प्लायमुळे वजन चार पायांवर एकवटत नाही. वॉशिंग मशीनच्या पायाखाली घालायचे रबरी कप स्वस्तात मिळतात, पायांखाली तेही चालतात. ठोकून बघितल्यावर पोकळ वाजणारी लादी असेल तर तिथे ट्रेनर नको, लादी ढोलासारखी वाजते आणि पुढे तडकते. इतकं करूनही उभं राहून जोर काढायचे व्यायाम सकाळी सातनंतरच ठेवा.

लहान मुलांच्या घरात एक सक्त नियम हवा. फ्लायव्हील बाहेरून उघडं असतं, चेन आणि कॅसेटही उघडीच. तुम्ही थांबलात तरी फ्लायव्हील काही वेळ फिरत राहतं आणि कठीण व्यायामानंतर ब्रेकचा भाग तापलेला असतो. शाळेला सुट्टी म्हणजे मूल घरात मोकळं, आणि मुलाला फिरणारी वस्तू हात लावण्यासाठीच बनवली आहे असं वाटतं. तेव्हा दार आतून लावायचं, आणि दार लावणं शक्य नसेल तर सायकलवर चढायचं नाही. हेडफोन एकाच कानात.

वेळ कधी काढायची? सुट्टीच्या दिवशी सकाळचे नऊ ते संध्याकाळचे सहा विसरा. त्या वेळात ऑनलाइन मीटिंग, वर्ग आणि कुकरच्या शिट्ट्या असतात, आणि मावशी आल्या नसतील तर भांडीही आपल्याच वाट्याला. एक पाऊण तासाचं आणि एक अर्ध्या तासाचं अशी दोन सत्रं घराला जड जात नाहीत, दोन तासांचं एक जातं. पहाटे १० मिनिटं वॉर्मअप, ८ मिनिटांचे तीन तुकडे एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येणाऱ्या कमाल वॉटच्या) ९० टक्क्यांवर, मध्ये ४-४ मिनिटं हलकं, शेवटी ३ मिनिटं. ४५ मिनिटांत पुरतं. रात्री जेवणाआधी ३० मिनिटं सहज गतीने. एफटीपी घरातच आणि याच पंख्यांसमोर मोजा. २० मिनिटांच्या सरासरीला ०.९५ ने गुणायचं. जानेवारीत रस्त्यावर काढलेला आकडा जुलैच्या बेडरूममध्ये वापरला की तिसऱ्याच तुकड्याला पाय जागच्या जागी थांबतील. ॲपसाठी झ्विफ्टचं मासिक शुल्क भरायलाच हवं असं नाही, मायवूश मोफत आहे आणि नुसता अर्ग मोड हवा असेल तर वाहूचं स्वतःचं ॲप पुरे.

ट्रेनरपेक्षा सायकलच आधी खराब होते, हे दुकानदार सांगत नाही. रस्त्यावर घाम मागे उडून जातो, घरात तो हँडल, ते धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट आणि हेडसेटवर (हँडल वळतं तिथल्या बेअरिंगवर) टपटपतो. मीठ आणि दमट हवा मिळून दोन महिन्यांत स्टेमच्या बोल्टवर तांबूस कड आणतात. अल्युमिनियमचा हँडल टेपखाली पांढरा, भुकटीसारखा होतो आणि ते टेप काढेपर्यंत दिसत नाही. हँडलपासून सीटपर्यंत टॉवेल घाला, दर वेळी ओल्या फडक्याने पुसून कोरड्याने पुसा, आणि बोल्टच्या डोक्यांवर ग्रीसचं बोट फिरवा. रबराची मॅट उचलून उभी करा. तशीच अंथरलेली राहिली तर खाली आठवड्यात काळी बुरशी धरते आणि लादीचा डाग निघत नाही. ट्रेनर झाकायला जुनी सुती चादर घ्या, प्लास्टिक नको, आत ओल कोंडून कॅसेट गंजते.

कुणी घेऊ नये, हेही स्पष्ट सांगायला हवं. ज्यांना फक्त पाय चालू ठेवायचे आहेत त्यांना चाकावर रोलर दाबणारा साधा मॅग्नेटिक ट्रेनर पुरतो. टायरला रोलर टेकल्यावर स्क्रू दोन-तीन फेऱ्या आवळायचा, हवा दर वेळी तितकीच भरायची आणि जुना टायर वापरायचा, कारण तो झिजून काळी पूड सांडतोच. सोसायटीच्या जिममध्ये बरी स्पिन बाइक असेल तर तेवढंही नको. रोलर्स, म्हणजे सायकल न अडकवता फिरत्या नळकांड्यांवर चालवायचा प्रकार, तोल सुधारायला छान, पण दोन खोल्यांच्या घरात पडायला जागा नाही. ज्यांना आठवड्यातून तीन वेळा ठरलेल्या वॉटला काम करायचं आहे, ज्यांच्या घरात बंद होणारं दार आहे आणि पंख्यांसाठी वेगळे पैसे काढता येतात, त्यांनी किकर कोअर जरूर घ्यावा. बजेट तोकडं असेल तर ट्रेनर सेकंडहँड घ्या, पंखे नवे. सेकंडहँड बघायला जाताना स्वतःची सायकल आणि मागच्या चाकाच्या मापाचा अडॅप्टर बरोबर न्या, दहा मिनिटं चालवा, फ्लायव्हील हाताने फिरवून घरघर ऐका आणि फ्रीहबवर मिठाचे पांढरे डाग आहेत का ते टॉर्चने बघा.